गरजू की होतकरू? कॉलेजच्या मदतनिधीचे नियम ठरवण्याआधी

खान्देशातल्या कुठल्याही कॉलेजच्या सूचनाफलकापुढे जून-जुलैत उभं राहिलं, की एक वाक्य हमखास दिसतं : 'गरजू व होतकरू विद्यार्थ्यांनी मदतीसाठी अर्ज करावेत.' या वाक्यातला 'व' मोठा लबाड आहे. गरजू आणि होतकरू हे एकच पोर असणार, असं तो परस्पर ठरवून टाकतो. पैसा मुबलक असता तर चाललंही असतं. पण निधीच्या व्याजातून वर्षाला तीन लाख निघणार आणि अर्ज आले दोनशे, की त्या 'व'चा 'की' होतो.

हे टिपण त्या 'की'पाशी अडलेल्यांसाठी आहे. माजी विद्यार्थी मंडळ, संस्थेचे संचालक, किंवा वडिलांच्या नावाने दहा लाखांची ठेव ठेवू पाहणारे सुरतेत स्थायिक झालेले एखादे नाना. नियम कसा लिहिला तर वर्गात कोण येऊन बसतं आणि त्याचा अभ्यासावर काय परिणाम होतो, एवढंच पाहू.

सोयीसाठी दोन काल्पनिक मुलं डोळ्यांपुढे ठेवू. एक जळगावातल्या शिक्षक दांपत्याची मुलगी : बारावी सायन्स, ८८ टक्के, दोन वर्षं क्लास. दुसरा धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरचा मुलगा : आश्रमशाळेतून ६१ टक्के, घरात बारावीपर्यंत पोहोचलेला पहिलाच, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत. दोघांनाही बी.एस्सी. करायचं आहे.

टक्केवारीवर दिलेला पैसा

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाने सुरुवात इथूनच केली होती. प्रत्येक शाखेत बारावीचे सर्वाधिक गुण घेऊन आलेल्या पहिल्या तिघांना दहा-दहा हजार, जानेवारीत स्नेहसंमेलनात, शाल-श्रीफळासह. एका वर्षी चेक घेणाऱ्या मुलीचे वडील खाली पहिल्या रांगेत बसलेले. त्यांनी त्याच निधीला एकवीस हजारांची देणगी दिली होती. त्यांनी हसत हसत मुलीचा चेक परत केला आणि आम्ही सगळे ओशाळलो. चूक आमची होती. जिला ॲडमिशन मिळणारच होती, जिची फी भरली जाणारच होती, तिला आम्ही आमच्या पैशाने आणखी एकदा शाबासकी देत होतो.

तरी या पद्धतीच्या बाजूने बोलायला काही आहे. मार्कशीट खोटं बोलत नाही, नगरसेवकाचा फोन येत नाही, निवड समितीवर संशय येत नाही. आणि एक खरी कळकळ : इथलं हुशार पोर पुण्या-नाशिकला जातं, त्याला इथे थांबवता आलं तर वर्गाला धार येईल. पण दहा हजारांत पुण्याची गाडी चुकवणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

मोठ्या रकमेने ती चुकतेही, पण मग वेगळा प्रश्न निघतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने चांगले गुण मिळवणाऱ्यांना राज्याच्याच सरकारी कॉलेजात शिकवणी-फी माफ केली. कोहोड्स आणि गुडमन या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की या सवलतीपायी काही मुलांनी अधिक चांगली कॉलेजं सोडली आणि त्यांचं पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण उलट घटलं. पोराला थांबवून ठेवलं, पण पोराचं नुकसान करून. आपल्या कॉलेजची प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षकांच्या रिकाम्या जागा हे सगळं मनात आणून मगच 'आमचे टॉपर आमच्याकडे' ही घोषणा करावी.

जॉर्जिया राज्याची 'होप' शिष्यवृत्ती तर या विषयातलं पाठ्यपुस्तकी उदाहरण झालं आहे. १९९३ साली लॉटरीच्या उत्पन्नातून ती सुरू झाली. शाळेत ठरावीक सरासरी राखली की राज्यातल्या सरकारी कॉलेजात फी माफ. आधी उत्पन्नाची मर्यादा होती, ती दोनच वर्षांत उठली. केंद्राची गरिबांसाठीची 'पेल ग्रँट' मिळणाऱ्या मुलाच्या रकमेतून मात्र तेवढे पैसे बरीच वर्षं वजा होत राहिले. कॉलेजात जाणाऱ्यांची संख्या वाढली, पण सुसान डायनार्स्की यांच्या अभ्यासात दिसलं, की वाढ मुख्यतः सुखवस्तू घरांतली होती. गरीब-श्रीमंत आणि काळे-गोरे यांच्यातली दरी आणखी रुंदावली. हेतू वाईट नव्हता. नियम तसा लिहिला गेला होता.

आपल्या दोन मुलांपैकी टक्केवारीचा नियम कोणाला देईल, हे सांगायला नको.

दाखल्यावर दिलेला पैसा

मग उत्पन्नावर द्या. हे म्हणणं सोपं. पहिला खड्डा मर्यादेचा. शासनाच्या योजनांत दोन आकडे सतत भेटतात : अडीच लाख आणि आठ लाख. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख, राजर्षी शाहू महाराज शिक्षणशुल्क योजनेला आठ लाख. तुम्ही आठ लाख धरले तर कॉलेजातली बहुतेक घरं आत बसतात आणि निवड पुन्हा मार्कांवरच येते. इंजिनिअरिंगच्या टीएफडब्ल्यूएस, म्हणजे फीमाफीच्या जागा बघा. मंजूर जागांवर पाच टक्के जादा, शिकवणी-फी माफ, उत्पन्न आठ लाखांच्या आत, आणि प्रवेश गुणवत्तेनुसार. कॅप राउंडची (केंद्रीय प्रवेशफेरीची) यादी चाळणाऱ्या कुठल्याही बापाला ठाऊक असतं, की या जागांचा कटऑफ साध्या जागांपेक्षा वर जातो. नाव गरजूंचं, पण जागा घेतं आठ लाखांच्या आतलं सगळ्यांत जास्त गुणांचं पोर. चांगलं पोर आहे ते, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण धडगावचा आपला मुलगा त्या यादीत दिसत नाही.

दुसरा खड्डा दाखल्याचा. नोकरदाराचा पगार कागदावर उघडा असतो, शेतकऱ्याचं उत्पन्न तलाठ्याच्या अंदाजाने लिहिलं जातं. त्यामुळे रावेर-यावलच्या पट्ट्यात बारमाही पाण्यावर केळी काढणाऱ्याचा दाखला आणि साक्रीच्या माळावर पावसाच्या भरवशावर बाजरी पेरणाऱ्याचा दाखला शेजारी ठेवले, तर आकडे जुळे भाऊ वाटतात. याला एकच उपाय लागू पडल्याचं मी पाहिलं : दाखला फक्त दारातून आत येण्यापुरता धरायचा आणि निवड चार-पाच ढोबळ खुणांवर करायची. शिधापत्रिकेचा रंग, सातबाऱ्यावर विहीर-बोअर आहे का, आईवडील हंगामी स्थलांतर करतात का, घरात पदवीपर्यंत पोहोचलेलं कोणी आहे का, गाव ते कॉलेज अंतर किती. शंका आली तर एनएसएसचे दोन कार्यकर्ते त्याच गावचे निघतातच. त्यांना विचारावं, पण घरी जाऊन फोटो काढण्याचा आगाऊपणा करू नये.

वर्गात वेगवेगळी माणसं हवीत, असं आपण म्हणतो तेव्हा इथे त्याचा अर्थ काय, तेही स्पष्ट हवं. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी, धुळ्यात सुमारे ३२ आणि जळगावात १४. नंदुरबारची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. राखीव जागांमुळे जातीप्रवर्गाची नोंद रजिस्टरात होतेच. निधीने बघायचं ते त्या नोंदीच्या आतलं. आलेला आदिवासी विद्यार्थी शहरातल्या अधिकाऱ्याचा मुलगा आहे की अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावरचा, ओबीसीची जागा भरली ती मुलीने की मुलाने. लेवा गणबोली, अहिराणी, भिली, पावरी, गुजरी, उर्दू अशा घरच्या बोली एका बाकावर आल्या, की प्राध्यापकालाही तोच धडा नव्याने सांगावा लागतो.

किती दिले, यापेक्षा कधी सांगितलं

इथे मी जरा थांबणार आहे. मंडळांच्या बैठकींत ज्यावर सर्वांत कमी बोललं जातं, ते हे.

कापूस पेरणाऱ्या घराचं वर्ष कसं असतं? जूनमध्ये बियाणं, खत, मजुरी, सगळे पैसे बाहेर. हातात रोख येते ती दसरा-दिवाळीनंतर, वेचणी झाली की. कॉलेजची फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ हप्ता हे सगळं नेमकं जून-जुलैत. त्याच वेळी महाडीबीटीवर (शासनाच्या शिष्यवृत्ती-पोर्टलवर) अर्ज भरायचा, त्यासाठी सेतूत रांग लावायची आणि शासनाचा हप्ता यायचा कधी दुसऱ्या सत्रात, कधी वर्ष उलटल्यावर. म्हणजे कागदावर फी माफ आणि खिशात दमडी नाही. मागे एका मुलाखतीत एका मुलाने आम्हाला सरळ विचारलं, 'फी ते माफ शे सर, पन खोलीनं भाडं कोन दी?' त्यावर समितीतल्या पाच जणांपैकी एकाकडेही उत्तर नव्हतं.

म्हणून जानेवारीतला दहा हजारांचा चेक आणि मार्चमध्ये हाती पडलेलं 'तुझ्या तीन वर्षांच्या मेसची सोय झाली' हे पत्र, यांची किंमत एक नाही, रक्कम तीच असली तरी. मिशिगन विद्यापीठाने हे अक्षरशः मोजून पाहिलं. गरीब घरांतल्या हुशार मुलांना २०१५ पासून एक रंगीत पाकीट पाठवलं : प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, मदतीचे वेगळे फॉर्म भरायची गरज नाही. गंमत अशी, की यांतल्या बहुतेकांना फॉर्म भरून एरवीही जवळपास तेवढीच सवलत मिळाली असती. तरी पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला, न मिळालेल्यांत २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेतला अनुक्रमे २७ आणि १२ टक्क्यांनी. बदललं काय? फक्त खात्री, आणि ती वेळेवर. मुलं निवडलेली हुशारच होती, त्यामुळे दर्जाचा वादही उपस्थित झाला नाही. गरजू आणि होतकरू यांच्यातला तो 'व' इथे कुठे खरा ठरला असेल तर या पाकिटात.

फॉर्म हाही एक कटऑफच असतो. अमेरिकेतच २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कर भरून देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी गरीब कुटुंबांना मदतीचा अर्ज तिथल्या तिथे भरून दिला. एवढ्यावर पुढे सलग दोन वर्षं कॉलेज करणाऱ्या मुलांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. तुमच्या निधीतून एका चुणचुणीत माजी विद्यार्थ्याला दोन महिने मानधन देऊन लॅपटॉपसह धडगाव-मोलगीच्या ज्युनिअर कॉलेजात बसवलं, तर तीन लाखांतला तो सर्वांत वसूल झालेला खर्च ठरेल, असं माझं मत आहे.

'दर्जा घसरेल' ही कुजबुज

कोणी हे उघड बोलत नाही, चहाच्या वेळी बोलतात. ६१ टक्क्यांना पैसे देऊन आणायचं आणि ८८ ला नाही, मग निकाल काय लागणार?

बारावीच्या आकड्यात क्लास, घरातली वीज, इंग्रजी वाचणारा बाप हे सगळं मिसळलेलं असतं, हे एक उत्तर. पण नुसतं तत्त्व सांगून शंका मिटत नाही. भारतातल्या एका राज्यातल्या दोनशेहून अधिक इंजिनिअरिंग कॉलेजांचा अभ्यास बागडे, एपल आणि टेलर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. तो राखीव जागांबद्दल होता, आर्थिक मदतीबद्दल नव्हे, हे लक्षात ठेवू. पण प्रश्न तोच : कमी तयारीच्या मुलाला अवघड ठिकाणी बसवलं तर तो बुडतो का? तसा पुरावा त्यांना सापडला नाही.

माझ्या पाहण्यात दर्जा घसरतो तो दुसऱ्याच जागी. मराठी माध्यमातून आलेलं पोर पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकापुढे गप्प होतं. खोलीभाड्यासाठी ते एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात रात्रपाळी करतं आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला डुलक्या घेतं. होळीला सातपुड्यात घरी गेलं, की भाड्याचे पैसे नाहीत म्हणून आठ दिवस उशिरा येतं. मग हजेरी, मग एटीकेटी, मग नाव गळतं. त्याला अक्कल कमी म्हणून नव्हे, तास कमी म्हणून. मेसला दिलेले पैसे हे थेट प्रयोगशाळेतल्या तासांत बदलतात. दर्जावर खर्च करायचाच असेल तर हा करा. आणि तीन लाखांतले तीस-चाळीस हजार पहिल्या सत्रातल्या इंग्रजी-गणिताच्या संध्याकाळच्या वर्गासाठी बाजूला ठेवा. तिथे ८८ वाली मुलगीही येऊन बसते, हे आपलं अनुभवाचं.

अटी घालताना मात्र जपून. 'दर सत्राला ६० टक्के' ही अट ऐकायला कडक, पण मुलं ती पाळण्यासाठी अवघड विषय सोडून सोपा घेतात. जॉर्जियातही सरासरी राखण्यासाठी विद्यार्थी कमी विषय घेऊ लागले आणि मध्येच विषय सोडू लागले, असं संशोधकांना आढळलं. त्यापेक्षा हजेरी ७५ टक्के, एटीकेटी दोनपेक्षा जास्त नको, आणि घसरलं तर लगेच बंद न करता एक सत्र मुभा. एवढं पुरे.

बाकीचे पर्याय, झटपट

*कमवा आणि शिका.* कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाराष्ट्राला दिलेली वाट. मूल मान ताठ ठेवून शिकतं. पण काम ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, संगणककक्षात असावं. आवार झाडायला नेहमी तीच मुलं दिसू लागली, की वर्गातली उतरंड मैदानात येते.

*फिरता निधी.* शासनाचा हप्ता येईपर्यंत बिनव्याजी उचल, आला की परत. तीन लाखांत पुष्कळ मुलं निभावतात. वसुली सगळी होत नाही, ते धरूनच चाला, आणि थकवणाऱ्याचं नाव फलकावर लावू नका.

*अडीनडीचा निधी.* अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून किरकोळ बाकीपायी नाव कटणाऱ्या, पदवीच्या उंबरठ्यावरच्या मुलांची थकबाकी स्वतःहून भरायला घेतली. अर्ज नाही, विद्यापीठच शोधून काढतं. आपल्याकडे परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या तारखेला लिपिकाच्या खिडकीशी घुटमळणारं पोर हे त्याचंच रूप. लिपिकाला पंचवीस हजारांपर्यंत अधिकार देऊन टाका.

*सगळ्यांना थोडं थोडं.* दीडशे जणांना दोन-दोन हजार. याचा मोह कुठून येतो, तेही सांगतो. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालात शिष्यवृत्तीचा लाभ मिळालेल्या विद्यार्थ्यांची टक्केवारी विचारतात, रक्कम पुरेशी होती का ते नव्हे. दोन हजारांनी कोणाची ॲडमिशन होत नाही आणि कोणाची टळत नाही.

तर तुम्ही काय करावं

कॉलेज अनुदानित कला-विज्ञान-वाणिज्यचं असेल, विशेषतः नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूचं, तर फीला हातही लावू नका. तिथली फी हा मोठा खर्चच नाही. सगळा पैसा मेस आणि खोलीकडे वळवा. आठ-दहा मुलांना तीन वर्षांची हमी द्या. म्हणजे पहिल्या वर्षी तीन लाखांतला एकतृतीयांशच वापरायचा, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नव्या तुकड्या येऊन मिळतात. हा हिशेब विसरून मंडळं दुसऱ्याच वर्षी तोंडघशी पडतात.

विनाअनुदानित फार्मसी, इंजिनिअरिंग, बीसीए असेल, तर फी मोठी असली तरी शासनाची माफी तपासून मगच पैसा द्या, नाहीतर सरकारची जागा तुम्ही भरून काढाल. आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. त्यांचा अडसर आता वसतिगृह आणि प्रवास. बारावीपर्यंत मुलीला एसटीचा पास फुकट मिळतो, कॉलेजच्या पहिल्या वर्षात पाय ठेवला की पैसे सुरू होतात. अमळनेर, चोपडा, पारोळ्याकडून रोज ये-जा करणाऱ्या मुलींसाठी पासचा खर्च उचलणं, इतकं स्वस्त आणि इतकं परिणामकारक दुसरं काही मला दिसत नाही. इथे फिरता निधीही शोभतो.

आणि नानांची दहा लाखांची ठेव असेल, वर्षाला साठ-सत्तर हजार देणारी, तर एकच मूल धरा. एका वेळी एक, तीन वर्षं पूर्ण, मग पुढचं. वडिलांच्या नावाने वीस प्रमाणपत्रं वाटण्याचा मोह होईल, तो आवरा. टॉपरचा सत्कार करायचाच असेल तर पुस्तकं आणि शाल द्या. ८८ टक्केवाल्या मुलीचं त्याने काही अडत नाही आणि तिचाही मान राहतो.

सूचना जूनमध्ये फलकावर लावू नका. मार्चमध्ये, बारावीचे पेपर संपायच्या आत, धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, साक्री, बोरद इथल्या ज्युनिअर कॉलेजांत पत्रं पोचती करा. एक पान, मुलाच्या नावाने, मराठीत. वर रक्कम, खाली तीन वर्षांची हमी आणि ज्याला विचारायचं त्या एका माणसाचा फोन नंबर. तो नंबर उचलला गेला पाहिजे. आईबाप मार्चमध्ये ऊसतोडीवरून फोन करतात तो रात्री आठनंतर.